गदा आणि सोन्याचा चेंडू

मार्च 2023. सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा झाली आणि गदा गेली जवळच्याच तुंग गावच्या प्रतीक्षा बागडीच्या खांद्यावर. अंतिम लढतीत तिनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं. पुरुषांची महाराष्ट्र केसरी सुरू झाली 1961 साली, आणि पहिली गदा जिंकली ती दिनकर दह्यारींनी. तेही सांगलीकडचेच. मधे गेली 62 वर्षं.

आता थेट पॅरिस. फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा ‘बॅलन डी’ओर’, म्हणजे सोन्याचा चेंडू, ‘फ्रान्स फुटबॉल’नं 1956 मध्ये सुरू केला. पहिला मान इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला, वयाच्या 41व्या वर्षी! बाईच्या हाती हा चेंडू आला 2018 मध्ये, नॉर्वेच्या आडा हेगरबर्गच्या. करा वजाबाकी. पुन्हा 62! योगायोगच, पण मी बोटांवर दोनदा मोजून पाहिलं. आणि त्याच सोहळ्यात सूत्रसंचालकानं तिला विचारलं काय, तर कंबर हलवून नाचता येतं का! ती ‘नाही’ म्हणाली आणि वळली.

‘सर्वोत्तम’ ठरवायचा कुणी? कुस्तीत हा प्रश्न पडत नाही. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, जो जिंकेल त्याची गदा. 2022 ला साताऱ्यात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं ती अशीच मिळवली. आणि मातीवरच्या कुस्तीत तर तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेला आखाडा हाच पंच. पाठीला माती लागली की वाद संपला.

फुटबॉलमध्ये मात्र अकरा जण एका चेंडूमागे. गोल करणारा थोर की तो अडवणारा? पुरुषांत आजवर एकाच गोलरक्षकाला सोन्याचा चेंडू मिळालाय, 1963 मध्ये सोव्हिएत संघाच्या लेव यासिनला. म्हणून इथं मतदान लागतं. पत्रकार मतं देतात, आणि सुरुवातीला तर उमेदवार फक्त युरोपीय! पेले, मॅराडोना यांना ऐन भरात असताना या यादीत दारच नव्हतं. ते किलकिलं झालं 1995 मध्ये, आणि लायबेरियाचा जॉर्ज विया आत शिरला. फिफानं 1991 मध्ये स्वतःचा वेगळा पुरस्कार काढला. फिफाच्या आजच्या पुरस्काराच्या मतदानात देशोदेशीचे प्रशिक्षक आणि कप्तानही असतात. नकाशावर शोधावा लागेल अशा बेटाच्या कप्तानाचं मत ब्राझीलच्या कप्तानाइतकंच वजनदार. मला हे फार आवडतं.

मतांनी ठरलेला असा मान सांगलीतही आलाय. डिसेंबर 2018 च्या सुरुवातीला हेगरबर्गला चेंडू मिळाला आणि महिना संपता संपता माधवनगरला वाढलेली स्मृती मानधना आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. 2021 साठी पुन्हा. त्या पुरस्काराला नाव आहे रेचल हेहो फ्लिंट यांचं. त्यांच्या कप्तानीखाली इंग्लंडनं महिलांचा पहिला विश्वचषक 1973 ला जिंकला, पुरुषांचा पहिला झाला 1975 ला. इथं तरी बाया दोन वर्षं पुढे!

दार उशिरा उघडण्याची गोष्ट निघाली की कराडजवळच्या गोळेश्वरला थांबावंच लागतं. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 ला, आणि खाशाबांना तो मिळाला तेव्हा ते हयात नव्हते. पण हेलसिंकीहून परतले तेव्हा कराडच्या स्टेशनावर शंभरावर बैलगाड्या जुंपून लोक आले होते. गावापर्यंतची काही मिनिटांची वाट, तिला त्या दिवशी कित्येक तास लागले.