जुन्या मोटारीचें जड स्टिअरिंग

परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान लोहमार्गावर पिंगळी हें लहानसें स्थानक आहे. भोंवतालची जमीन काळी. उन्हाळ्यांत ती भेगाळते आणि पावसाळ्यांत तिचा चिखल चाकांना चिकटून बसतो. एखाद्या हौशी गृहस्थानें जपून ठेवलेली जुनी मोटार या गांवच्या अरुंद वाटेवर मागें वळवावयास घ्यावी, आणि इतका वेळ एका हातानें सहज फिरणारें चक्र एकाएकीं ताठून बसावें, बॉनेटखालून कोणी कण्हत असल्यासारखा आवाज निघावा, अशी कल्पना करावी. मालकाच्या मनांत पहिला तर्क येतो तो हा, कीं स्टिअरिंगचा पंप गेला. हा तर्क पुष्कळ वेळां चुकीचा असतो, आणि तितकाच महागांत पडणारा असतो. जुन्या मोटारीचा पंप वाटेल त्या दुकानांत मिळत नाहीं. चांगला पंप उतरवून टाकावा, मोठ्या खटपटीनें दुसरा मिळवून बसवावा, आणि मूळ दोष जागच्या जागींच राहिल्यामुळें महिन्याभरांत त्यानेंही कण्हूं लागावें, असे प्रसंग घडतात. आवाज पंपांतून येतो हें खरें. परंतु त्याचें कारण बहुधा पंपाच्या बाहेर असतें.

हातानें फिरवावयाच्या चक्राला तेलाच्या दाबाची जोड देण्याची युक्ति आजची नव्हे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानें १९२६ च्या सुमारास ती मोटारीवर बसवून दाखविली. पुढें खर्चाच्या विचारानें ती मागें पडली. दुसऱ्या महायुद्धांत अवजड लष्करी वाहनांना तिचा उपयोग झाला, आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या इंपीरियल मोटारींत ती प्रथम सर्वसाधारण ग्राहकासाठीं विक्रीस आणिली. महाराष्ट्रांत वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून याच क्रायस्लरच्या जातीच्या मोटारी, आणि मागाहून फियाट, बाहेर पडल्या. तथापि पुढें पद्मिनी या नांवानें घरोघर ओळखीच्या झालेल्या त्या फियाटींत असा पंप मुळींच नव्हता. १९९५ पासून पुण्यास जुळविल्या जाऊं लागलेल्या मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२४ जातीच्या मोटारींत मात्र तो होता, आणि त्या मोटारी आतां हौशी लोक जुन्या म्हणून जपूं लागले आहेत. तात्पर्य, पद्मिनीचें स्टिअरिंग जड लागतें म्हणून पंपाचा शोध करणें व्यर्थ आहे. आपल्या मोटारीला पंप आहे कीं नाहीं, हें पाहणें ही परीक्षेची पहिली पायरी होय.

या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. इंजिनाच्या पुलीवरून गेलेला पट्टा पंपाला फिरवितो. अनेक पंपांच्या पोटांत एक लंबगोल कडें असतें व त्यांत खांचा पाडलेली एक चकती फिरते. प्रत्येक खांचेंत एकेक पातळ पातें सरकतें राहून कड्याच्या भिंतीला घांसत जातें. दोन पात्यांमधील जागा जेथें वाढते तेथें टाकींतील तेल ओढलें जातें, आणि जेथें ती आकुंचित होते तेथून तें दाबानें बाहेर लोटलें जातें. तेथून एका जाड नळीनें तेल स्टिअरिंग-बॉक्सकडे जातें. चालकानें चक्राला जोर लावला म्हणजे तेथील झडप त्या प्रमाणांत उघडते व तेलाचा दाब चाकें वळविण्यास साहाय्य करतो. काम झालेलें तेल दुसऱ्या नळीनें टाकींत परत येतें. चक्र एका बाजूस शेवटपर्यंत वळविलें असतां तेलाला वाट उरत नाहीं. तेव्हां दाब भलतीकडे चढूं नये म्हणून पंपांत एक सुटकेची झडप ठेवलेली असते. ती बहुधा दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोग्रॅम या मर्यादेंत उघडते. नेमका आंकडा मोटारीगणिक निराळा.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पंपाचीं पातीं ज्या तेलाला ढकलतात, त्याच तेलानें तीं वंगणाची गरजही भागवितात. तेल कमी पडलें, फेसाळलें किंवा अयोग्य जातीचें घातलें गेलें, तर पातें व कडें कोरडीं घांसूं लागतात. म्हणून तपासणीचा क्रम तेलापासून सुरू करावा, आणि पंप सोडविण्याचा विचार सर्वांत शेवटीं करावा.

पिंगळीच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या त्या मोटारीची बरीचशी परीक्षा कोणत्याही हत्याराशिवाय होऊं शकते. इंजिन बंद करून टाकीचें झांकण भोंवतालची धूळ पुसून मगच उघडावें. काळ्या मातीची बारीक धूळ आंत गेली तर ती पात्यांना कानशीसारखी घांसते. तेलाची पातळी खुणेपर्यंत आहे काय, हें पाहावें. तेलावर फेस असेल, तर कोठून तरी हवा आंत शिरत आहे. तेल दुधासारखें गढूळ दिसलें व तो रंग स्थिर राहिला, तर पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. तें काळपट असून जळका वास येत असेल, तर तें अति तापलेलें आहे. एक थेंब दोन बोटांत चोळून पाहावा. त्यांत चकाकणारे धातूचे कण लागले, तर मात्र पंपाची झीज खरोखरीच झालेली आहे.

त्यानंतर पट्टा. कण्हणें आणि किंचाळणें यांतील भेद कानाला शिकवावा. चक्र शेवटपर्यंत नेतांच तीक्ष्ण किंचाळी उठत असेल, तर पट्टा पुलीवर घसरत आहे. इंजिन बंद असतांना पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्यानें दाबून पाहावें. जुन्या धाटणीचा पट्टा साधारण १२ मिलिमीटर दबतो. त्याहून फार ढिला, आरशासारखा चकचकीत झालेला किंवा तेलानें भिजलेला पट्टा भार ओढूं शकत नाहीं. तो ताणतांना पंपाच्या पत्र्याच्या टाकीवर पहार टेकवून नेट देऊं नये. टाकी चेंबते आणि नवी गळती सुरू होते.

आवाज किंचाळीचा नसून कण्हण्याचा असेल व तेल फेसाळलेलें असेल, तर हवेची वाट शोधावी. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागांत दाब नसून ओढ असते. त्यामुळें तेथील जुनी कडक झालेली नळी किंवा ढिली पडलेली पकड तेल बाहेर न सांडतांही हवा आंत घेते, आणि खालीं थेंब पडत नाहीं म्हणून मालक निर्धास्त राहतो. ती पकड आवळून किंवा नळी बदलून मग हवा काढावी. पुढचीं चाकें जॅकवर उचलून खालीं भक्कम आधार द्यावा. इंजिन बंदच ठेवून चक्र सावकाश या टोंकापासून त्या टोंकापर्यंत वीसएक वेळां फिरवावें आणि पातळी उतरेल तसें तेल घालीत जावें. पुढें इंजिन मंद गतीवर चालवून तीच क्रिया करावी. फेस विरेपर्यंत घाई करूं नये. टोंकाशीं चक्र पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. त्या स्थितींत पंपाचें सारें बळ तेल तापविण्यांत खर्च होतें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतां तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

चाकें उचललेलीं असतांना आणखी एक परीक्षा होते. जमिनीचा भार नसतांही चक्र जड फिरत असेल, तर दोष किंगपिन, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंग-बॉक्स यांत असण्याचा संभव अधिक. एकाच बाजूस वळतांना जड व दुसऱ्या बाजूस हलकें लागत असेल, तर पंपाला बोल लावूं नये, कारण पंपाला डावें-उजवें ठाऊक नसतें. तो दोष बहुधा बॉक्समधील झडपेचा असतो. टायरमध्यें हवा कमी असणें हें तर सर्वांत साधें व सर्वांत विसरलें जाणारें कारण.

एवढें करूनही इंजिन मंद चालतांना चक्र जड आणि वेग वाढवितांच हलकें होत असेल, आणि पट्टाही ठीक असेल, तर पंप अशक्त झाल्याचा संशय बळावतो. याचा निकाल गॅरेजमध्येंच लागतो. मेकॅनिक पंप व बॉक्स यांच्यामध्यें झडप असलेला दाबमापक जोडतो आणि ती झडप क्षणभर, पांच सेकंदांहून कमी वेळ, बंद करतो. कांटा मोटारीच्या पुस्तकांत दिलेल्या आंकड्यापर्यंत चढला, तर पंप निर्दोष असून दाब बॉक्समध्यें गळत आहे. न चढला, तर पंपाची किंवा त्याच्या सुटकेच्या झडपेची दुरुस्ती हवी. ही परीक्षा न करितां पंप बदलावयास सांगणाऱ्यास मालकानें कारण विचारावें. पुलीच्या मागें तेल ओघळत असेल, तरीही सबंध पंप टाकून देण्याचें कारण नाहीं. दांड्यावरील रबरी सील बदलून बहुधा काम भागतें.

तेलाच्या जातीविषयीं हयगय करूं नये. कित्येक जुन्या मोटारींना स्वयंचलित गिअरचें तेल चालतें, कित्येकांना खास स्टिअरिंगचेंच लागतें. पुस्तक सांगेल तें प्रमाण मानावें. अडचणींत सांपडलेला मनुष्य हाताशीं असलेलें ब्रेकचें तेल ओततो. तें निराळ्या जातीचें असून पंपाचीं रबरी सीलें नासवितें. एका दिवसाची सोय सबंध यंत्रणेच्या मुळावर येते.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट जिवाची. पट्टा तुटला अथवा इंजिन बंद पडलें, तर तेलाचें साहाय्य जातें. परंतु चक्र आणि चाकें यांचा लोखंडी संबंध तुटत नाहीं. स्टिअरिंग जड होतें, निकामी होत नाहीं. हें ज्याला ठाऊक नसतें तो घाबरून हात सोडतो. ज्याला ठाऊक असतें तो दोन्ही हातांनीं जोर लावून मोटार कडेस घेतो. मात्र गळणारें तेल तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडत असेल, तर आगीचें भय असतें. तशी मोटार एक पाऊलही पुढें नेऊं नये. तशी गळती नसेल, पट्टा शाबूत असेल आणि तेल केवळ कमी पडलेलें असेल, तर योग्य जातीचें तेल घालून, कानाचा वेध पंपाकडे ठेवून, पिंगळीहून परभणीपर्यंत ती सावकाश न्यावी.