हरणाचा कान

खिचडीची ताटं धुऊन पालथी घातलीत आणि पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलीत. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. भिंतीलगत सुतळी ताणलीय, मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर, आणि तिच्यावर पुस्तकं मधोमध उघडून टांगलीत. बाई त्यातलं एक काढतात: कावळा, उंदीर, कासव आणि हरीण.

गोष्ट पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातली, मित्रसंप्राप्तीतली. तिथं ही मंडळी लघुपतनक, हिरण्यक, मंथरक, चित्रांग अशी भारदस्त नावं मिरवतात आणि नीतीवर भरभरून बोलतात. इथं पानाला एक वाक्य, तीन-चार शब्द, टपोरी अक्षरं, जोडाक्षर जवळजवळ नाहीच. बाकी सगळं चित्रावर सोपवलंय.

हरणाला जाळ्यातून सोडवायला कासवही आलंय, आणि पळता न आल्यानं तेच सापडलंय. शिकारी त्याला धनुष्याला बांधून निघालाय. बाई पान उलटतात. तळ्याकाठी हरीण आडवं पडलंय, डोक्यावर कावळा, चोच थेट डोळ्यापाशी. खाली छापलंय एवढंच: हरीण पडून आहे.

"मेलं?" एक मुलगा विचारतो.

बाई उत्तर देत नाहीत, पुस्तक फक्त पुढं धरतात. एक मुलगी गुडघ्यांवर सरकत येते आणि चित्रावर बोट टेकवते. "बाई, त्याचा कान बघा की. ताठ हाय." आता सगळेच पुढं झुकतात. कुणाला गवतातून डोकावणारं उंदराचं शेपूट दिसतं. "उंदीर दोरी तोडणार!" अर्धा वर्ग उभा राहतो. यातलं एक अक्षरही पानावर लिहिलेलं नाही.

मला हा चित्रकार फार मोठा वाटतो. मुलांच्या कितीतरी पुस्तकांत वाक्य म्हणतं हरीण पळालं, आणि वर पळणारं हरीण काढलेलं असतं. मुलानं करायचं काही उरतच नाही. इथं हरणाचं सोंग, कावळ्याची चोच आणि उंदराचे दात यांची सांगड मुलं स्वतः घालताहेत. तिघांतला एक जरी चुकला तरी कासव गेलंच, हे त्यांना कुणी समजावलेलं नाही. शेवटी तात्पर्याची चौकटही नाही. ती नाही, याचा मला मनापासून आनंद होतो.

पुस्तक आता मुलांच्या हातात जातं. दुसरीतली एक ताई शब्दांवर बोट फिरवत वाचतेय. शेजारच्या पहिलीतल्या पोराला अजून अक्षरं लागत नाहीत, पण पानं उलटायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलंय.

"थांब ना, उंदीर कुठंय बघू दे."

ती थांबते. उंदीर सापडतो. पुढच्या पानावर शिकारी कासव टाकून हरणाकडे धावतोय. पोराच्या कपाळावर आठी पडते.

"ताई, कासव तर हळू चालतं. तो परत धरंल की त्याला."

ताई मजकुराकडे बघते. तिथं उत्तर नाही. मग ती पानाच्या कोपऱ्यातलं तळं दाखवते. काठापाशी पाण्यात वर्तुळं उठलीत.

"धरतोय कसला! पाण्यात गेलंय ते. ही बघ, बुडी मारली."