घाटमाथ्यावरून समुद्राकडे

पुण्याला समुद्र नाही. मुळा-मुठेचे पाणीदेखील जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून भीमा-कृष्णेच्या सोबतीने थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. अशा शहरातील एखादी विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या अखेरच्या वर्षी सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासासाठी परदेशी जाण्याची भाषा बोलू लागली, की घरात प्रथम कौतुक होते आणि पाठोपाठ प्रश्न येतो : परत येऊन करणार काय? भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याच्या विचारात पडलेल्या पित्याने तो विचारावा, यात वावगे काही नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर पुणे विद्यापीठाच्याच एका पदवीधर विद्यार्थिनीने देऊन ठेवले आहे. औंध संस्थानच्या राजघराण्यातील मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या कन्या अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपुरात झाला. पदवीनंतर काय करावे, या विचारात असताना ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे खुल्या समुद्राविषयीचे पुस्तक त्यांच्या हाती आले आणि दिशा ठरली. अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या व तेथून पीएच.डी.साठी लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात.

हवाईत त्यांनी अभ्यासिले काय? देवमासे नव्हेत, डॉल्फिनही नव्हेत. उष्ण कटिबंधातील प्रखर प्रकाशाचा प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणावर होणारा परिणाम हा त्यांचा विषय होता. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे जीव. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा त्यांच्यातील वनस्पती उचलतात आणि सुरमई-बांगड्यापर्यंतची सारी अन्नसाखळी त्यांच्यावर उभी असते. ऊन जितके कडक तितकी वाढ अधिक, असे मात्र येथे घडत नाही. भर दुपारच्या प्रकाशाने पृष्ठभागाजवळचे प्लवक मंदावतात आणि खरी भरभराट काहीशी खालच्या थरात होते. म्हणजे या शास्त्राच्या वाट्यास चित्रपटातील निळ्या पाण्यात मारलेल्या बुड्या थोड्या, आणि रसायनशास्त्र, संख्याशास्त्र व सूक्ष्मदर्शकापुढे वाकलेली मानच अधिक येते. परदेशी अर्ज धाडण्यापूर्वी एवढा भ्रम फिटलेला बरा.

१९७० च्या दशकाच्या आरंभी त्या मायदेशी परतल्या, कारण परतण्याजोगी जागा निर्माण झाली होती. १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचे ठाणे गोव्यात दोना पावला येथे झाले आणि डॉ. एन. के. पणीक्कर हे तिचे पहिले संचालक झाले. अदिती पंत यांनी या संस्थेत सतरा वर्षे काम केले. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. आधीच्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. पुढे पंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या, म्हणजे जेथून निघाल्या त्याच शहरात. पोस्टाने आलेल्या प्रवेशपत्राइतकेच मोल संस्था उभारणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे असते, हे बुद्धिगळतीवर हळहळणारे बहुधा विसरतात.

आजच्या विद्यार्थ्याला वाटा अधिक आहेत. १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा निधी आहे, युरोपातील इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्त्या आहेत. तयारी मात्र बहुधा इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे आणि बँकेचे कर्ज एवढ्यातच संपते. ज्याचा अभ्यास करावयाचा तो समुद्र फॉर्मॅलिनच्या बरणीत पाहिलेला असतो! तारामासा ओहोटीच्या खडकावर कसा धरून बसतो, हे बरणी सांगत नाही.

ते सांगणारे लोक घाटाखाली आहेत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशेब कोकणात लेखणीवाचून होतो. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पण अष्टमीच्या भांगात पाणी फारसे हटत नाही. खडकांवरचे जीव पाहावयाचे तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची ओहोटी गाठावी. रत्नागिरीस सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. पुण्याच्या महाविद्यालयांनी वर्षातून चार दिवस तेथे काढणे फार खर्चाचे नाही.

याचा उपयोग हौसेपुरता नाही. गेल्या सुमारे दोन दशकांत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची दाट, हिरवी वाढ होऊ लागली आहे. रात्री लाटा निळसर उजळविणारा हाच जीव. तो पूर्वीच्या प्लवकांची जागा घेऊ लागला, तर त्यावर जगणाऱ्या माशांचे आणि मासळीवर जगणाऱ्या कोळ्यांचे काय होईल? ही वाढ पाण्यातील प्राणवायू घटल्याने होते की हिमालयातील हिम कमी झाल्याने मोसमी वारे बदलून होते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. असा आपल्या समुद्राचा प्रश्न बरोबर नेणाऱ्यास तिकडच्या प्रयोगशाळेत काय मागावे हे कळते आणि परत कोठे यावे हेही.

स्वारगेटहून रात्री सुटणारी एसटी सकाळी रत्नागिरीस पोहोचते. पंचांगात अमावास्या पाहून तिचे तिकीट काढावे. पारपत्राचा अर्ज त्यानंतर भरला तरी चालेल.