नगरसेवकाला कोण शिकवतं?

थिंक टँक म्हटलं की आपल्याला वॉशिंग्टन आठवतं. १९७३ साली तिथे हेरिटेज फाउंडेशन सुरू झालं. आपल्या विचारांचं सरकार येण्याआधीच धोरणांचा जाडजूड ग्रंथ तयार ठेवायचा, ही त्यांची पद्धत.

उजव्या विचारांची अशी एक संस्था आपल्या बोरिवलीपासून फार लांब नाही. गोराईची खाडी ओलांडून उत्तनकडे गेलात की केशवसृष्टी लागते. तिथे रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचं प्रशिक्षण केंद्र आहे. रामभाऊ १९५७ साली मावळमधून जनसंघाचे आमदार झाले, पुढे ठाण्याचे खासदार. आपण वर्षभरात काय केलं, याचा अहवाल ते मतदारांना देत. १९८२ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली.

आता फरक बघा. हेरिटेजचा भर धोरण लिहिण्यावर, प्रबोधिनीचा भर माणूस घडवण्यावर, म्हणजे लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणावर. याची गरज का पडते? ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. २०११ पासून महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. म्हणजे पहिल्यांदाच सभागृहात येणारे पुष्कळ. आणि मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं! मुलुंड किंवा घाटकोपरमधून नव्याने निवडून आलेल्या बाईंच्या हातात ती पुस्तकं पडली, तर वाचायची कशी? अधिकाऱ्याला ती पाठ असतात. ज्याला बजेट वाचता येत नाही, तो प्रश्न काय विचारणार?

तुम्ही म्हणाल, संस्था तर संघ-भाजपच्या विचारांची. बरोबर आहे, आणि ते विसरू नये. सभेचे नियम शिकवणं तटस्थ असू शकतं. पण कचरा कंत्राटदाराने उचलावा की पालिकेच्या कामगारांनी, हा प्रश्न ‘व्यवस्थापन’ या मथळ्याखाली आला, की राजकीय निवड नुसती तांत्रिक वाटू लागते. मेख इथे आहे.

मग बंद करा म्हणायचं का? नाही. दुसऱ्या बाजूंनीही आपल्या शाळा काढाव्यात. अंधेरीत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, १९२६ सालची. पालिका कर्मचाऱ्यांचे अभ्यासक्रम ती कित्येक वर्षं घेत आली आहे. कर्मचारी शिकतो, मग पक्षांनी आपला नगरसेवक कोरा का पाठवावा?

आणि शिकूनही सभागृहच नसेल तर? मुंबईत ७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता.

म्हणून आपल्या नगरसेवकाला, पक्ष कोणताही असो, दोन गोष्टी विचारा. तुम्ही शिकलात कुठे? आणि वर्षाचा अहवाल कधी देताय? दुसरा प्रश्न खुद्द रामभाऊंच्याच शिस्तीतला आहे. तो त्यांच्या विचारांच्या लोकांनाही टाळता यायचा नाही.