नाव बदलले, फाइलींचे काय?

सप्टेंबर २०२३मध्ये उस्मानाबाद जिल्हा सरकारदरबारी धाराशिव झाला. पण संगणकातल्या फाइली अधिसूचना वाचत नाहीत. भूम-परांड्यापासून उमरग्यापर्यंत आठ तालुक्यांच्या जुन्या फाइलींची नावे एकेक करून बदलत बसण्यापेक्षा विंडोजमधली काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडावी. नोटपॅडमध्ये आज्ञा लिहून फाइल ‘बॅट’ या शेपटीने साठवली की झाली बॅच फाइल. ‘रेन’ ही आज्ञा नाव बदलते. जुन्या आणि नव्या नावापुढे तारांकन दिले की फोल्डरातल्या तशा सगळ्या फाइली एका झटक्यात बदलतात. एकेका फाइलीवर आज्ञा फिरवणाऱ्या ‘फॉर’ला ‘आर’ जोडले तर आतले फोल्डरही सुटत नाहीत.

यावर आक्षेप येतो, की एक चूक शेकडो फाइली बिघडवेल. तो खराच आहे. ‘रेन’ अक्षरे त्यांच्या जागेनुसार बदलते. रोमन लिपीत उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही नऊ अक्षरी, म्हणून इथे निभावते; पण दहा अक्षरी औरंगाबादवर तेरा अक्षरी संभाजीनगर बसवले, तर पुढची तीन अक्षरे गिळली जातात, फाइलीच्या नावातल्या ‘_२०२१’मधले फक्त ‘२१’ उरते! म्हणून आधी ‘रोबोकॉपी’ने प्रत काढावी, ‘फॉर’मधल्या ‘रेन’च्या आधी ‘एको’ लावून काय घडणार ते नुसते पडद्यावर पाहावे, खिडकी लगेच बंद होऊ नये म्हणून शेवटी ‘पॉज’ द्यावा. हाताने बदलतानाही चुका होतातच, फक्त त्या विखुरलेल्या असल्याने सापडत नाहीत. मात्र फाइलीच्या आतला मजकूर ‘रेन’ बदलत नाही. ते काम वेगळे करावे लागते.