चामड्यावरची रेघ का टिकते?

हस्तव्यवसायाच्या तासाला चामड्याचे पाकीट किंवा पुस्तकात ठेवायची खूण करायची ठरली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो नक्षीचा. कागदावर काढलेला मोर चामड्यावर उतरवायचा कसा? भरतकामासाठी कापडावर नक्षी उतरवताना आपण कार्बन कागद वापरतो. चामड्यावर मात्र तो उपयोगी पडत नाही. त्यावरचे मेणकट काजळ चामड्याच्या छिद्रांत शिरून बसते आणि रबराने खोडू गेल्यास अधिकच पसरते.

म्हणून जाणते कारागीर रंगाशिवायच रेघ काढतात. चामडे ओलसर करायचे, त्यावर नक्षीचा कागद ठेवायचा आणि बोथट टोकाची सळई रेघांवरून दाबून फिरवायची. कागद उचलला, की खाली खोलगट रेघांची नक्षी दिसते. वाळल्यावरही ती जात नाही. शांतिनिकेतनच्या चामडी पिशव्यांवरची उठावाची नक्षी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ओलसर चामडे दाबाने आकार घेते, या एकाच गुणावर असे काम उभे आहे. हा गुण त्यात येतो कोठून?

तिपेडी दोर

चामडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. जणू तीन पदरांचा दोरच. ही रचना मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या भारतीय शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून १९५४ साली मांडली. या दोराची जाडी सुमारे दीड नॅनोमीटर आणि लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) असे असंख्य दोर एकत्र येऊन तंतू बनतो. शेजारशेजारच्या तंतूंना जखडून ठेवण्यात हायड्रोजन बंधांचा मोठा वाटा असतो.

कोरडे चामडे दाबले, तर तंतू थोडे वाकतात आणि दाब काढताच पूर्ववत होतात. ही झाली स्थितिस्थापकता. चामडे ओलसर केले, की पाण्याचे रेणू तंतूंच्या मध्ये शिरतात आणि त्यांच्यातील बंध सैल करतात. आता दाब दिला तर तंतू एकमेकांवरून सरकतात. पुढे पाणी उडून गेले, की नव्या जागी नवे बंध जुळतात आणि रेघ कायम होते. इस्त्री करण्यापूर्वी सुती कपड्यावर पाणी शिंपडतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

थोड्या जोरात मोठा दाब

सळईचे टोक बारीक का हवे? समजा, आपण अर्धा किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला. अंगठ्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोग्रॅम दाब पडतो. तोच जोर १ मिलिमीटर व्यासाच्या टोकावर एकवटला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६४ किलोग्रॅम होतो. म्हणजे अडीचशे पटींहून अधिक! मात्र टोक अणकुचीदार असेल, तर दाब इतका वाढतो की तंतू सरकण्याऐवजी तुटतात. म्हणून टोक बारीक पण गोल हवे. शाई पूर्ण संपलेले बॉलपेन या कामाला उत्तम.

ओल किती असावी?

खरी परीक्षा येथे आहे. चिंब भिजलेल्या चामड्यात तंतू फुगलेले असतात आणि पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. सळईखालचे पाणी बाजूला सरते, सळई उचलताच परत येते आणि रेघ पुसट होते. चामडे फार कोरडे असेल, तर रेघ उमटतच नाही. म्हणून स्पंजने ओले केल्यावर काही वेळ थांबावे लागते. पृष्ठभागाचा रंग मूळच्या रंगाकडे वळू लागला, पण चामडे गालाला लावल्यास गार लागले, की ते तयार झाले असे समजतात. गार लागते, कारण आत अजून पाणी आहे आणि त्याचे बाष्पीभवन चालू आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तिचा काही भाग आपल्या गालाकडून घेतला जातो.

हे करून पाहा

यासाठी वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले चामडे घ्या. परंपरागत कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्याची कात्रणे चालतील. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे दाबले तरी पुन्हा वर येते, म्हणून ते टाळा. त्याची कापलेली कड बहुधा निळसर करडी दिसते.

नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढा. कागद ओलाव्याने फाटू नये म्हणून त्याच्या खाली पातळ प्लॅस्टिक ठेवा. चामडे ओले असताना ताणले जाते आणि नक्षी वेडीवाकडी होते. त्यासाठी पाठीमागे चिकटपट्टी लावा. नक्षी उलटी काढण्याची गरज नाही. ठसा कोरायचा असेल, तरच डावे-उजवे बदलावे लागते.

दोन गोष्टी जपा. ओल्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने निळसर काळा डाग पडतो. हिरड्यापासून शाई बनवीत ती याच रासायनिक क्रियेने. दुसरे म्हणजे, चामडे चुलीजवळ वाळवू नका. असे ओले चामडे सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाला आकसते, कारण कोलॅजेनच्या दोरांचा पीळच उलगडतो. ते सावलीतच वाळवावे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. पाच विद्यार्थ्यांना सारख्या आकाराच्या पट्ट्या देऊन त्यांचे कोरडे वजन प्रयोगशाळेतील तराजूवर करा. पट्ट्या भिजवा. ज्याला गालावरून आपली पट्टी तयार वाटेल, त्याने ती लगेच पुन्हा तोलावी आणि वजन किती टक्के वाढले ते लिहावे. मग सर्वांनी सारखीच रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी तिची खोली ताडून पाहावी. पाचही आकडे जवळजवळ आले, तर कारागिराचा गाल हे भरवशाचे मापनयंत्र आहे असे म्हणता येईल. ते दूरदूर आले, तर ते यंत्र सरावाने किती सुधारते, हे पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजून ठरवा.