नाशिकचं नवं विमान एका इंजिनाचं, पण ते इंजिन कुणाचं?

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला राहणारा माझा मावसभाऊ आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये आहे. परवा त्याने एक रील पाठवली. पुढे एकच पंखा असलेलं छोटं विमान, मागे जोरात गाणं आणि वर लिहिलेलं, ‘नाशिकचं विमान आता गावोगावी उतरणार!’ खाली त्याचा मेसेज होता, ‘ताई, हे खरंय का? आणि यात आपल्यासारख्यांना काही काम आहे का?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. एकेक करून बघू.

रीलमधलं विमान कोणतं?

त्याचं नाव एचटीटी-४०. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे एचएएलने बनवलेलं हे विमान ३१ मे २०१६ रोजी बंगळुरूत पहिल्यांदा उडालं. मार्च २०२३ मध्ये हवाई दलासाठी अशा ७० विमानांना मंजुरी मिळाली, किंमत ६,८०० कोटी रुपयांहून जास्त. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी नाशिकजवळच्या ओझरमध्ये या विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन केलं. ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ साठी उभारलेला. सुखोईही तिथेच तयार झाली.

म्हणजे विमान खरं आहे, ओझरही खरं आहे. ‘गावोगावी उतरणार’ हे मात्र खोटं. एचटीटी-४० मध्ये जागा फक्त दोन असतात, एक शिकणाऱ्याची आणि एक शिकवणाऱ्याची. हवाई दलात नव्याने आलेल्या पायलटला उडायला शिकवणं हेच त्याचं काम. त्यात प्रवासी बसणार नाहीत.

प्रवासी नेणारी एका इंजिनाची विमानं वेगळी असतात. उदाहरणार्थ सेस्ना ग्रँड कॅरव्हॅन. इंडियावन एअर ही कंपनी ओडिशा आणि झारखंडमध्ये ९ प्रवाशांची अशी विमानं चालवते. साधारण एक किलोमीटरची धावपट्टीही त्याला चालते. पण धावपट्टी, सुरक्षा व्यवस्था आणि रोज भरतील इतके प्रवासी हे सगळं जुळल्याशिवाय विमानसेवा सुरू होत नाही.

टर्बोप्रॉप म्हणजे काय?

दिंद्रुडच्या माणसाला टर्बाइन नवीन नाही. परळीच्या वीज केंद्रात कोळशावर पाण्याची वाफ करतात, ती वाफ पात्यांवर आदळते, पाती फिरतात आणि वीज तयार होते.

विमानाच्या इंजिनात वाफेऐवजी गरम वायू असतो. हवा आत ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि तयार झालेल्या वायूने पाती फिरवायची. ही ताकद गिअरबॉक्समधून पुढच्या पंख्याला दिली की झालं टर्बोप्रॉप. इंधन म्हणून लागतं एटीएफ, म्हणजे आपल्या रॉकेलचाच शुद्ध भाऊबंद.

दुसरा प्रकार पिस्टन इंजिनाचा, म्हणजे ट्रॅक्टरसारखं खालीवर होणारं इंजिन. ते स्वस्त असतं. पण तेवढ्याच वजनात टर्बाइन कितीतरी जास्त ताकद देतं, आणि त्यात हलणारे भाग कमी असल्याने भरवसाही जास्त.

भरवशाचं एवढं कौतुक कशाला?

कारण इंजिन एकच आहे. ते बंद पडलं तर दुसरं नाही. विमान लगेच दगडासारखं कोसळत नाही, घरंगळत खाली येतं. पण पायलटच्या हातात वेळ थोडा असतो.

आपल्या हवाई दलाने याची मोठी किंमत मोजली आहे. आधी नवे पायलट एचपीटी-३२ ‘दीपक’ या पिस्टन इंजिनाच्या विमानावर शिकायचे. हवेत असताना इंजिन बंद पडण्याची तक्रार त्यात वारंवार यायची आणि पायलटला बाहेर फेकणारी इजेक्शन सीटही नव्हती. १७ अपघातांत १९ जणांचा जीव गेला. २००९ मध्ये ही विमानं उडवणं थांबवण्यात आलं. मग स्वित्झर्लंडच्या पिलॅटस कंपनीकडून ७५ विमानं विकत घ्यावी लागली. एचटीटी-४० मध्ये टर्बोप्रॉप इंजिन आहे आणि इजेक्शन सीटही.

मग अडचण कुठे आहे?

इंजिनात. एचटीटी-४० चं टीपीई३३१-१२बी हे इंजिन अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचं आहे. जुलै २०२२ मध्ये अशा ८८ इंजिनांसाठी १० कोटी डॉलरहून मोठा करार झाला. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग देशी आहे, पण त्याचं हृदय बाहेरून येतं.

त्यामुळे तिकडे उशीर झाला की इकडे विमान थांबतं. इंजिनं उशिरा आल्याचा फटका एचटीटी-४० ला बसला. ओझरमध्येच बनणाऱ्या तेजस मार्क १ए चंही तेच झालं. अमेरिकेची जीई कंपनी इंजिनं वेळेत देऊ शकली नाही आणि विमानांचं वेळापत्रक कोलमडलं.

छोटं इंजिन आपण का बनवत नाही?

छोटं म्हणजे सोपं, असं वाटतं. प्रकरण उलट आहे.

परळीचं अजस्र टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. टीपीई३३१ चा दांडा घेतो ४१ हजारांहून जास्त. वायूचं तापमान हजार अंशांच्या आसपास जातं. शिवाय पात्याचं टोक आणि बाहेरचं कवच यांत थोडी फट ठेवावीच लागते. मोठ्या इंजिनात ती खपून जाते. छोट्या इंजिनात पातीच बोटाएवढी, त्यामुळे केसभर फट जास्त झाली तरी वायू निसटतो आणि ताकद वाया जाते.

म्हणूनच या क्षेत्रात नवं इंजिन क्वचित येतं. टीपीई३३१ आणि कॅनडाचं पीटी६ ही दोन नामवंत इंजिनं १९६० च्या दशकातली. सुधारणा होत होत आजही तीच विकली जातात. अगदी नवं म्हणावं असं जीईचं ‘कॅटॅलिस्ट’. बीचक्राफ्ट डेनाली या एका इंजिनाच्या विमानासाठी ते बनवलंय. थ्रीडी प्रिंटिंगमुळे त्यातले ८५५ सुटे भाग १२ वर आले. एवढी मोठी कंपनी, तरी डेनाली २०२१ मध्ये उडाल्यानंतर अमेरिकी नियामकाची इंजिनाला मंजुरी मिळायला २०२५ उजाडलं.

भारतात एचएएल हेलिकॉप्टरसाठी एचटीएसई-१२०० हे छोटं टर्बाइन इंजिन विकसित करतंय. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि टर्बोप्रॉप ही सख्खी चुलत भावंडं, म्हणून ‘हेच उद्या विमानाला लागेल’ अशी चर्चा होते. तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही. पण वेगळा गिअरबॉक्स, हजारो तासांच्या चाचण्या आणि प्रमाणपत्र हे सगळं त्याआधी येतं.

म्हणून पुढच्या वेळी अशी रील आली की तीन प्रश्न विचारा. यात किती जण बसतात? इंजिन कुणाचं? प्रमाणपत्र मिळालंय का?

आणि मावसभावाचं काय?

त्याला मी सांगितलं, विमान गावात उतरायची वाट बघू नकोस. नाशिकचं एचएएल आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतं. केंद्राच्या अप्रेंटिस पोर्टलवर नाव नोंदव आणि जाहिरातीवर लक्ष ठेव. ती कायमची नोकरी नाही, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची सवय तिथे लागते. आपल्या देशाचं अडलंय ते नेमकं त्याच कामात.

त्याचा रिप्लाय आला, ‘मग मायक्रोमीटरचं प्रॅक्टिकल बुडवायला नको होतं.’